तूरडाळीच्या डब्यातली चकती

शेजारची म्हातारी मला पहिल्यापासून खुपत नव्हती. पहिलं वर्षभर तर मीच तिच्याकडे शिरा, थालीपीठ असं काहीबाही नेऊन देत होते, आणि ती उलट प्रून भरलेला सात थरांचा केक पाठवायची. खुपायला लागली ती माझी मुलगी तिला अम्मा म्हणायला लागल्यापासून. तिचे पूर्वज आइसलंडहून इथे मॅनिटोबात आले, तळ्यावर मासेमारी करत राहिले, आणि त्यांच्यात आजीला अम्माच म्हणतात, हे मला नीट समजावून सांगण्यात आलं. समजलं मला. पण निम्म्या भारतात अम्मा म्हणजे आई, आणि माझ्या पोटच्या पोरीने कुंपणापलीकडे बघून ती हाक मारली की माझा जीव जळायचा.

अर्थात दुखणं हाकेचं नव्हतंच. दुखणं होतं इतिहासाचं.

मी सांगलीला अकरा वर्षं इतिहास शिकवला. पाचवी ते दहावी, सगळ्या तुकड्या. पाठ शिकवण्याआधी त्याचं टाचण काढावं लागतं, आणि नव्या बाई आल्या की आमचे मुख्याध्यापक त्यांच्यासमोर माझी टाचणवही ठेवायचे, असं काढा म्हणून. पोरं घाबरायची, पण दहावीत इतिहासाला नापास झालेलं माझं पोर शोधून सापडायचं नाही. या अकरा वर्षांत 'मला माहीत नाही' हे वाक्य मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. माहीत नसलं की आम्ही म्हणायचो, ते परीक्षेला नाही, खाली बस.

मग नवऱ्याला विनिपेगची नोकरी लागली. सगळे म्हणाले, तुला काय, शिक्षिका जगात कुठेही खपते. इथे आल्यावर कळलं की माझ्या बीएडला इथे पुन्हा दोन वर्षांचं शेपूट जोडायचं, कागद मागवायचे, अप्लाय करायचं. करू पुढच्या वर्षी, करू पुढच्या वर्षी, असं करत ते राहिलं. मी मुलीच्याच शाळेत लंच सुपरवायझर झाले. म्हणजे डब्यांची झाकणं उघडून द्यायची, सांडलेलं पुसायचं, पोरांना स्नोपँट चढवून बाहेर पिटाळायचं आणि घंटा झाली की आत हाकायचं. माझ्या हाताखाली आजही दोनशे पोरं आहेत, असं मी फोनवर सांगलीला सांगते. ते खोटं नाही.

तर मुलगी ग्रेड फोरमध्ये असताना एक कागद घेऊन आली. युरोपातून या खंडावर सगळ्यात आधी कोण आलं, असा प्रश्न होता. तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, वायकिंग्ज. मी म्हटलं, खोड ते.

"बट टीचर सेड सो, आई."

मी म्हटलं, टीचरचं सोड, मी अकरा वर्षं हेच शिकवलंय. चौदाशे ब्याण्णव, कोलंबस. तिन्ही जहाजांची नावं पाठ सांगितली. वायकिंग म्हणजे माझ्या लेखी शिंगांचं शिरस्त्राण घालून लुटालूट करणारे लोक. आमच्या पुस्तकात कुठेतरी खाली बारीक अक्षरात त्यांच्यावर एक ओळ होती, आणि बारीक अक्षरातलं परीक्षेला येत नाही. तिने खोडून कोलंबस लिहिलं. मी शेजारी लाल पेनने बरोबरची खूणसुद्धा केली, सवयीने.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाहुणी म्हणून नेमकी शेजारचीच म्हातारी आलेली. ती निवृत्त शिक्षिका. इतिहासाचीच. टीचरने तोच प्रश्न विचारला, आणि माझ्या मुलीने सगळ्यात आधी हात वर करून सांगितलं, कोलंबस, माय मॉम इज अ हिस्टरी टीचर. वर्ग हसला. मुलीने घरी यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही, मला ते दुसऱ्याच एका आईने सांगितलं, ग्रोसरीच्या रांगेत, हसत हसत. त्या दिवसापासून इतिहासाचा एकही प्रश्न माझ्याकडे आला नाही. गणित बापाकडे, ताप आणि वेण्या माझ्याकडे, आणि इतिहास कुंपणापलीकडे.

दोन वर्षं मी वाट पाहिली. ती परत मला एक प्रश्न विचारेल, कुठलाही, आणि मी तो असा समजावून देईन की तिचे डोळे उघडतील. मी लायब्ररीतून वायकिंगांवरची पुस्तकं आणून बेसमेंटमध्ये बसून चोरून वाचली. शिंगंसुद्धा खोटी, हे तिथेच कळलं. न्यूफाउंडलंडच्या पार उत्तरेच्या टोकाला त्यांची गवताच्या ढेकळांची घरं सापडली, हजार वर्षांपूर्वीची. त्याआधी नुसत्या त्यांच्या जुन्या कथा होत्या आणि कुणी फारसा विश्वास ठेवत नव्हतं. मग जमिनीतून लोखंडी खिळे निघाले, काशाची एक टाचणी निघाली, आणि सूत काढायच्या चातीची दगडी चकती निघाली, तेव्हा लोकांनी मान्य केलं. सगळं वाचून मी तयार होऊन बसले. पण विचारतंय कोण.

म्हातारीचं मात्र सगळं मान्य झालेलं. तिच्या तरुणपणी शाळेच्या पुस्तकात वायकिंग म्हणजे कोपऱ्यातली एक चौकट होती. ही बाई तीस वर्षं पत्रं लिहीत राहिली, मीटिंगांत उभी राहून बोलत राहिली, शाळाशाळांतून आपली लाकडी पेटी घेऊन फिरत राहिली. आता पुस्तकात पहिला धडा इथल्या मूळ लोकांचा आणि दुसरा धडा हिच्या लोकांचा, चित्रांसकट. पहिला धडा आपला नाही, हे ती स्वतःच वर्गात आधी सांगायची. आमचे लोक आले तेव्हा इथे माणसं होतीच, कुणी काही शोधलंबिधलं नाही, म्हणायची. इतकी चांगली होती ती, त्याचाच जास्त राग यायचा. चार दिवस राहून निघून गेलेल्या लोकांना अख्खा धडा. आणि आम्ही त्या पुस्तकात कुठे, तर कोलंबस जिकडे निघाला होता आणि पोचला नाही तो देश. मी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, दुसरं काही नाही.

या वर्षी मुलगी सहावीत. मार्चमध्ये शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं, शनिवारी, आईबापांसकट. तिने विषय घेतला वायकिंगांची घरं, आणि मदतीला म्हातारी. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी म्हातारीने पेटी आमच्याकडे पाठवली, मुलीला चित्रं काढायला हवी होती म्हणून. पेटीत टाचणीची नक्कल, खिळ्याची नक्कल, आणि चकती मात्र खरी. सापडली ती नव्हे, पण म्हातारीच्या पणजीने आइसलंडहून आणलेली, अगदी तशीच, करड्या मऊ दगडाची, मध्ये भोक. मी ती हातात घेतली आणि लगेच ओळखली. आमच्या शाळेच्या कपाटात टकळ्या पडलेल्या असायच्या, गांधी जयंतीला बाहेर निघायच्या, आणि त्या फिरवता येणारी मी एकटी होते, माझ्या आईने शिकवलेलं.

मी मुलीला म्हटलं, अगं, ही कशी फिरते दाखवू का तुला?

ती रंगवत होती. "अम्मा ऑलरेडी शोड मी."

रविवारी ती पेटी परत करायला निघाली तेव्हा बूट घालायला खाली बसली. पेटी ओट्यावर होती. मी झाकण उघडलं, चकती काढली आणि तूरडाळीच्या डब्यात खोल खुपसली. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आता बघू ही काय दाखवते, एवढंच मनात होतं. हात धुतले आणि मुलीला म्हटलं, सांभाळून जा, बर्फ आहे.

सोमवारी साडेअकराला मी जेवणाची गाडी घेऊन मुलीच्या वर्गाच्या दारात उभी होते, तेव्हा प्रदर्शनाच्या तयारीला आलेल्या म्हातारीने पोरांसमोर पेटी उघडली. टाचणी काढली, खिळा काढला, मग हात आत फिरवत राहिली. मुलीचा चेहरा उतरला. आय पुट इट बॅक, ती म्हणाली, आय स्वेअर. पोरं तिच्याकडे बघायला लागली.

म्हातारीने एक क्षणही जाऊ दिला नाही. "तू ठेवली होतीस, बाळा. मीच काल पुसायला बाहेर काढली आणि टेबलावर विसरले. म्हातारपण." पोरं हसली, तीही हसली. माझी मुलगी वाचली. मी तिथेच ठरवलं की झालं तेवढं बास, परत ठेवून द्यायची. दोन दिवस मात्र मी ठेवली नाही. तो हिशेब माझ्या खात्यावर आहे.

मंगळवारी म्हातारी कुंपणाशी आली तेव्हा तिचा चेहरा बरा नव्हता. म्हणाली, घर उलथंपालथं केलं, कुठेच नाही. म्हणाली, मी पुसायला काढली असं पोरांना सांगितलं ना, ते मुलीसाठी सांगितलं होतं. पण आता मला खरंच आठवतंय की मी काढली होती, फडकं हातात होतं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, लहानसहान वस्तूंपासून. शेवटी आईने तिला ओळखलं नव्हतं. मी म्हटलं, सापडेल हो, एवढं काय. आत येऊन मी भात टाकला आणि तो लागेपर्यंत तशीच उभी राहिले.

बुधवारी दुपारी तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करायचं निमित्त काढून गेले. पेटी पोर्चमधल्या बाकावर असायची, दार ती कधी लावत नसे. चकती आत ठेवली, दोन्ही नकलांच्या खाली. पायऱ्या इतक्या साफ केल्या की खालचं लाकूड दिसायला लागलं. घरी येताना मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी, मुलगी शाळेतून येऊन दूध पीत होती, तेव्हा म्हातारी पेटी घेऊन आमच्या दारात आली. ओठ पांढरे पडलेले.

"यातच होती," ती म्हणाली. "मी तीनदा बघितलं होतं. तीनदा, सगळं बाहेर काढून. आणि आज बघते तर यातच."

तिने पेटी मुलीच्या हातात दिली. म्हणाली, ही आता तुझ्याकडे राहू दे, माझ्याकडे वस्तू सुरक्षित नाहीत. इथल्याच दुसऱ्या प्रांतातल्या केंब्रिजला तिचा मुलगा गाड्यांच्या कारखान्यात होता, त्याला तिने फोन केला होता, डॉक्टरची वेळ घेतली होती. शाळेलाही कळवून टाकलं होतं की शनिवारी येत नाही आणि पुढेही येणार नाही. पोरांसमोर चुकीचं काही बोलून बसले तर, म्हणाली. तीस वर्षं भांडून मिळवलेला धडा आपल्याच तोंडाने बिघडवायचा नाही. मग ती कठड्याला धरून आमच्या पायऱ्या उतरली आणि मी साफ केलेल्या तिच्या पायऱ्या हळूहळू चढली.

मुलगी पेटी कवटाळून रडायला लागली. "इज शी गोइंग टू फरगेट मी?"

मला दोन वाटा होत्या, आणि एक फारच सोपी होती. गप्प बसलं की म्हातारी आपोआप दूर झाली असती. इतिहास कुंपणाच्या अलीकडे आला असता, मला जे दोन वर्षं हवं होतं ते अगदी हातात. आणि बोललं तर मुलगी मला पुन्हा कधी काही विचारणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी मुलीला म्हटलं, जॅकेट घाल, माझ्याबरोबर चल.

म्हातारीच्या स्वयंपाकघरात मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, इंग्रजीत, माझ्या तोडक्या व्याकरणाने. चकती मी घेतली. डाळीच्या डब्यात ठेवली. काल मीच परत ठेवली. तुम्ही काही विसरला नाही आहात, तुम्हाला जे आठवतंय ते तुम्ही स्वतःच पोरीसाठी रचलेलं आहे. कारण मला तुमचा मत्सर वाटतो. मी इतिहासाची शिक्षिका होते.

म्हातारी खुर्चीत मागे टेकली आणि तिने डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे मी आईसारखी नाही होत आहे."

"नाही."

"हे मंगळवारी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

मी मान खाली घातली. मुलीकडे बघायची माझी छाती नव्हती. पण तिचा आवाज आला, अगदी बारीक. "डिड यू डू इट बिकॉज ऑफ द कोलंबस थिंग?"

मी म्हटलं, हो.

"आई, दॅट वॉज ग्रेड फोर. आय फरगॉट अबाउट इट."

दोन वर्षं मी जी जखम चाटत बसले होते ती तिला आठवतसुद्धा नव्हती. मग माझ्याकडे का नाही आलीस कधी, असं तोंडावर आलं होतं. पण माझं मलाच कळलं. प्रत्येक वेळी ती पुस्तक घेऊन आली की मी आधी लाल पेन शोधायचे.

म्हातारीने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं, वर्गातल्या पोराकडे बघावं तसं. "तू शिक्षिका होतीस ना. तुझ्या वर्गात एखाद्या मुलाने हे केलं असतं तर काय केलं असतंस?"

"वर्गाबाहेर उभं केलं असतं."

"मग आत कुणी बोलवायचं?"

"मीच."

"मी नाही बोलावणार," म्हातारी म्हणाली. "बोलावलं तर ही बोलावेल." आणि तिने दाराकडे बोट दाखवलं.

मी बाहेर गेले. जॅकेट आत खुंटीवर राहिलं, ते मागायची लाज वाटली. मार्च असला तरी उणे बारा होतं, वारा नदीकडून. नाकातलं पाणी गोठायला लागलं. समोरच्या घरातला माणूस गाडीचे विंटर टायर्स तपासत होता, त्याने हात हलवला, मीही हलवला. सांगलीतली सगळी पोरं आठवली, ज्यांना मी व्हरांड्यात काढलं होतं. तिथे निदान ऊन तरी होतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. मुलगी माझं जॅकेट घेऊन उभी होती. ते तिने हातात दिलं, पण बाजूला झाली नाही.

"दोज किड्स, किती वेळ उभे राहायचे?"

"तास संपेपर्यंत. पस्तीस मिनिटं."

तिने घड्याळ बघितलं. "यू'व्ह डन सिक्स." तिचा चेहरा अजून रागातच होता. दार लावता लावता थांबली. "ते काय करायचे, बाहेर?"

"आतलं ऐकायचे," मी म्हटलं. "बाहेर उभं केलं की आतलं जास्त ऐकू येतं."

तिने विचार केला, आणि दार पूर्ण न लावता वीतभर उघडं ठेवून आत गेली. त्या थंडीत, घरातली ऊब सगळी बाहेर. पेटीचं झाकण वाजलं, आणि मुलगी आपलं शनिवारचं भाषण म्हणून दाखवायला लागली. घरं कशी होती, छपरावर गवत कसं, जहाजं कशी दुरुस्त करायचे. खिळ्याचं झालं, टाचणीचं झालं. चकतीशी आली तेव्हा तिने सांगितलं की यावरून कळतं, नुसते लढणारे पुरुष नव्हते आले, लोकर कातणारी कुणी बाईही आली होती. छान सांगितलं. एका ठिकाणी घाई केली, पण मी दार धरून गप्प राहिले.

"देन, आफ्टर अ फ्यू इयर्स, दे लेफ्ट," ती म्हणाली आणि थांबली. कागद पालटल्याचा आवाज आला. मग दाराच्या फटीतून, माझ्या दिशेने, "आई? ते परत का गेले?"

दोन वर्षं मी या एका हाकेची वाट बघितली होती. मी चार पुस्तकं वाचली होती आणि चौघांनी चार कारणं दिलेली. थंडी, अंतर, माणसं कमी पडली, इथल्या लोकांना ते नको होते. यातलं कुठलंही एक मी ठणकावून सांगू शकले असते, तिने लिहूनही घेतलं असतं. सांगलीच्या वर्गात सांगितलंच असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. थंडीने ओठ नीट हलत नव्हते. "अम्माला विचार. आणि जरा मोठ्याने विचार, मलाही ऐकू येऊ दे."